ब्रह्मदेश आणि सयामच्या लढायांतले फिरंगी चाकर

विचारलेला प्रश्न असा: "सोळाव्या-सतराव्या शतकात ब्रह्मदेश, सयाम, कंबोडिया इथल्या राजांच्या फौजांत पोर्तुगीज भाडोत्री शिपाई होते असं वाचलं. त्यांना गोव्याच्या सरकारने पाठवलं होतं का? आणि त्यांच्या बंदुकांमुळेच तिथली युद्धं फिरली, हे कितपत खरं?"

(ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार, सयाम म्हणजे आजचं थायलंड.) पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. बहुतेकांना गोव्याने पाठवलं नव्हतं, ते गोव्याला कंटाळून गेले होते. दुसऱ्या भागाचं उत्तर लांबेल. काही वेढ्यांत, विशेषतः नदीकाठच्या शहरांच्या वेढ्यांत, त्यांच्या तोफांनी खरोखर फरक पडला. पण राज्यं उभी केली ती तिथल्याच राजांनी, तिथल्याच माणसांच्या आणि तिथल्याच भाताच्या जोरावर. फिरंगी जिथे चाकर म्हणून राहिले तिथे त्यांचे वंश शतकानुशतकं टिकले. जिथे त्यांनी स्वतः राजा व्हायचा घाट घातला तिथे थोड्याच वर्षांत त्यांचा निकाल लागला. माझी नोकरीची वर्षं पणजीत जुने पोर्तुगीज कागद वाचण्यात गेली, त्यामुळे मला ही हकिकत आधी गोव्याच्या बाजूने दिसते. तिथूनच सुरुवात करतो.

आफॉन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाय किनाऱ्यावरचं मलाक्का बंदर. नकाशावर साम्राज्य झालं, पण ते सांभाळायला माणसं कुठे होती? पोर्तुगाल म्हणजे जेमतेम १०-१५ लाख वस्तीचा देश. सोळाव्या शतकात सगळ्या समुद्रापारच्या ठाण्यांत मिळून धडधाकट पोर्तुगीज पुरुष १०,००० च्या फार पुढे नसावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. लिस्बनहून निघालेले कितीतरी जण वाटेतच तापाने नाहीतर स्कर्व्हीने मरत. जे गोव्याला उतरत त्यांत दोन जाती पडत. लग्न करून घरदार थाटलेले ते 'काझादो' आणि बाकीचे सडे ते 'सोल्दादो'.

या सोल्दादोची अवस्था नीट समजली तर पुढचं सगळं उलगडतं. त्याला बारमाही पगार नव्हता. पावसाळा संपला, सप्टेंबरमध्ये आरमार निघायची तयारी झाली की नावनोंदणी व्हायची आणि तेव्हा हातात पैसे पडायचे. जून ते ऑगस्ट मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा चढायचा, जहाजं हलायची नाहीत, पैसेही नाहीत. मग हे शिपाई एखाद्या श्रीमंत फिदाल्गूच्या, म्हणजे सरदाराच्या, पंगतीला जेवायचे. त्या काळच्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय की दहा-बारा जण एका घरात राहत आणि बाहेर मिरवायचे चांगले कपडे सगळ्यांत मिळून दोन-तीनच, म्हणून ते पाळीपाळीने बाहेर पडत. वीस-बावीस वर्षांचा, तलवार चालवणारा, बंदूक झाडणारा, खिशात छदाम नसलेला जवान. त्याच्या कानावर येतं की दक्षिण ब्रह्मदेशातल्या पेगूचा राजा महिन्याच्या महिन्याला पगार देतो, लुटीत वाटा देतो आणि जकातही माफ करतो. मग तो कशाला थांबेल?

कन्याकुमारीच्या पलीकडे गोव्याचा वचकही फारसा नव्हता. मैलापूर, नागपट्टण, हुगळी, चट्टग्राम, पेगू अशी ही सगळी किनारपट्टी खासगी व्यापाऱ्यांची आणि पळून आलेल्यांची. ख्रिस्ती नसलेल्या राजाची चाकरी करणं, त्याला हत्यारं पुरवणं हा कागदोपत्री गुन्हा होता. पण माणसांची टंचाई इतकी की परत आलेल्याला माफीपत्र मिळायचं, आणि तिकडे कुणाचं बस्तान बसलं तर गोवा त्याच्याशी गोडीगुलाबीने वागायचं. ही तऱ्हा फक्त पूर्वेकडची नाही. आपल्या अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी सांशो पिरिश नावाचा पोर्तुगीज गोलंदाज 'फिरंगी खान' होऊन मानाने राहिलाच होता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. कागदांत 'पोर्तुगीज' म्हणून जी टोळी येते तिच्यात लिस्बनचा जन्म असलेले थोडेच. गोव्यात, कोचीनला, मलाक्क्याला स्थानिक आयांच्या पोटी जन्मलेली मुलं, बाटलेले मलबारी आणि बंगाली, आफ्रिकेतून आणलेले गुलाम हे सगळे डोक्यावर टोपी आणि गळ्यात क्रूस असला की राजाच्या दफ्तरात फिरंगीच. एका पिढीनंतर तर गोरा रंग शोधावा लागे.

आता बंदुकांकडे येऊ. आग्नेय आशियाला दारूगोळा पोर्तुगीजांनी शिकवला ही समजूत चुकीची आहे आणि ती पाठ्यपुस्तकांतून अजून निघत नाही. चीनकडून बंदुका-तोफांची विद्या उत्तर ब्रह्मदेश, लान ना (आजच्या उत्तर थायलंडमधलं चियांग मायचं राज्य) आणि व्हिएतनाममध्ये पंधराव्या शतकातच पोचली होती. मलाक्का पडलं तेव्हा सुलतानाच्या कोठारात ३,००० तोफा सापडल्या असं पोर्तुगीजच लिहितात. आकडा फुगवलेला असेल, पण तिथे तोफा नव्हत्याच असं त्यांनाही म्हणता आलं नाही. बंगालच्या उपसागरात तुर्क आणि हिंदुस्थानी मुसलमान गोलंदाजही होते, तेही चाकरीला मिळत.

मग राजांना फिरंगी का हवे होते? एक कारण हत्याराचं. त्यांच्या तोड्याच्या बंदुका हलक्या आणि नेमक्या होत्या, आणि त्यांतल्या चांगल्या म्हणजे खुद्द गोव्यात बनलेल्या. १५१३ मध्येच आल्बुकर्क राजाला कळवतो की गोव्याचे लोहार बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. ही बंदूक भरायला दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू, घालायची, पेटत्या तोड्यावर फुंकर मारून तो घोड्यात अडकवायचा आणि मग चाप ओढायचा. सरावलेल्या माणसालाही एका बाराला जवळजवळ मिनिट लागे. पाऊस आला की तोडा विझला आणि रंजक भिजली, म्हणजे तिकडच्या सहा महिन्यांच्या ओल्या हंगामात निम्मं वर्ष हे हत्यार आजारी. त्याहून कामाची होती ती 'बेर्सू' नावाची छोटी तोफ. होडीच्या काठावर खुंटीत बसवलेली, चहूकडे फिरणारी, आणि मागून भरायची. दारू भरलेल्या तीन-चार नळ्या आधीच तयार ठेवायच्या, एक उडवली की काढून दुसरी बसवायची. ब्रह्मदेश आणि सयामची शहरं नदीकाठी, रस्ते म्हणजे नद्याच. तिथे दहा-बारा होड्यांवर अशा तोफा असलेली टोळी हजार भालेकऱ्यांना भारी पडू शकते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या माणसांचे तिथे सगेसोयरे नव्हते, वतन नव्हतं, दरबारातला कुठला गट नव्हता. तिथल्या सरदाराच्या मागे त्याच्या मुलखातली माणसं असत, तो रुसला की माणसं घेऊन निघून जाई. फिरंग्याचा सगळा आधार म्हणजे राजाचा पगार. म्हणून राजे त्यांना आपल्या अंगाशी ठेवत. सयामची राजधानी अयुथ्या, तिथला राजा चैरचा याने १५३८ च्या ब्रह्मी लढाईसाठी १२० पोर्तुगीज ठेवले आणि त्यांतून आपले अंगरक्षकही घेतले, असं परंपरेने सांगितलं जातं. बक्षीस म्हणून शहराच्या दक्षिणेला चाओ फ्राया नदीच्या काठी त्यांना जागा मिळाली. ती वस्ती पुढे सव्वादोनशे वर्षं नांदली. १९८० च्या दशकात तिथल्या दोमिनिकन चर्चचा पाया आणि आवार खणलं तेव्हा २०० हून जास्त सांगाडे निघाले. ते आजही जागच्या जागी, वर छप्पर घालून, पाहायला ठेवलेत. अयुथ्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना मी आवर्जून सांगतो की देवळं पाहून झाली की अर्धा तास इथे काढा.

आता प्रत्यक्ष लढाया. ब्रह्मदेशातल्या तौंगू या राज्याचा तरुण राजा तबिनश्वेहती याने १५३० च्या दशकाच्या शेवटी पेगू घेतलं आणि १५४०-४१ मध्ये मर्ताबानला वेढा घातला. मर्ताबान श्रीमंत बंदर, एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे पाणी. तटावर आणि पाण्यात शहराच्या बाजूने लढणारे पोर्तुगीज होते, आणि बाहेर वेढा घालणाऱ्यांतही पोर्तुगीज होते. शहराला कोंडी बसली, धान्य संपलं, तरी पाण्याची बाजू पडेना, कारण तिथे पोर्तुगीज जहाजांच्या तोफा. शेवटी ती बाजू फोडली ती तबिनश्वेहतीच्या मोन (दक्षिण ब्रह्मदेशातले जुने रहिवासी) सेनापतीने. त्याने पेटवलेले तराफे प्रवाहात सोडून जहाजं जाळली-पळवली, आणि एका प्रचंड तराफ्यावर तटाहून उंच लाकडी बुरूज उभारून तो काठाला भिडवला. बुरुजावरून बंदुका चालल्या, पण डोकं आणि तराफे दोन्ही स्थानिक होते. शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. फिरंगी तोफांचा उपयोग आणि त्यांची मर्यादा, दोन्ही एकाच लढाईत दिसतात, म्हणून मी शिकवताना नेहमी मर्ताबानपासून सुरुवात करतो.

इथे एक सावधगिरी. बाहेरच्या छावणीत ७०० पोर्तुगीज होते हा आकडा फेर्नांव मेंदिश पिंतूचा. त्याचं प्रवासवर्णन तो वारल्यावर, १६१४ मध्ये छापलं गेलं. तो त्या भागांत फिरला होता यात शंका नाही, त्याची दृश्यं जिवंत आहेत, पण त्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मराठीत या विषयावर जे थोडंफार लिहिलं जातं त्यात हे ७०० सरकारी मोजणी असल्यासारखे येतात.

१५४८-४९ मध्ये तबिनश्वेहती अयुथ्यावर चालून गेला. त्याच्याकडे दिओगो सुआरिश द मेलोच्या हाताखाली सुमारे १८० पोर्तुगीज. तटाच्या आत दिओगो परेराच्या हाताखाली सुमारे ५०, त्यांत गालेओत परेराही, जो पुढे चीनच्या तुरुंगात पडला आणि तिथली हकिकत लिहून गेला. म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच देशाचे, एकाच धर्माचे, कदाचित गोव्यात एकाच पंगतीला जेवलेले लोक. तटावरच्या तोफा ऐकून ब्रह्मी राजाने आतल्या पोर्तुगीजांना मोठी लाच देऊ केली. परेराने नाकारली. पोर्तुगीज बखरकार सांगतात की हे कळल्यावर सयामी लोकांनी दरवाजेच उघडले आणि ओरडून सांगितलं, आणा ते पैसे! बाहेरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. गोष्ट थोडी रंगवली असेल, पण तिच्यातली एक बाब मला खरी वाटते. भाडोत्री माणूस म्हणजे बेइमान, असं आपण धरून चालतो. ही माणसं ज्याचं खात त्याच्याशी बऱ्याचदा इमानाने राहत, कारण त्यांची सगळी किंमत शब्दावर होती. एकदा विकला गेलेला गोलंदाज दुसऱ्या राजाने कशाला ठेवावा?

अयुथ्या पडलं नाही. नद्यांनी वेढलेलं शहर, तटावर तोफा, आणि पुढे येऊ घातलेला पूर. ब्रह्मी फौज मागे फिरली. यातून सयामने शिकायचं ते शिकून घेतलं. राजा महाचक्रफतने जुनी मातीची तटबंदी काढून विटांची बांधायला घेतली. माझ्या मते फिरंगी तोफांचा खरा, टिकाऊ परिणाम हाच. त्यांच्या भीतीने शहरांची शरीरं बदलली.

तबिनश्वेहतीचा शेवट दुःखद आहे. परतल्यावर एका पोर्तुगीज तरुणाच्या संगतीने तो दारूच्या इतका आहारी गेला की राज्यकारभार सुटला, असं ब्रह्मी बखरी सांगतात. त्याचा सेनापती आणि मेहुणा बयिन्नाउंग याने त्या पोराला जहाजावर बसवून घालवलं, पण उशीर झाला होता. १५५० मध्ये राजाचा त्याच्याच मोन रक्षकांनी खून केला आणि राज्य एका झटक्यात फुटलं. बयिन्नाउंगच्या हातात एकही शहर उरलं नाही. त्या पडत्या काळात दिओगो सुआरिश आपली माणसं घेऊन त्याच्या बाजूला उभा राहिला. दोन वर्षांत तौंगू आणि पेगू परत मिळालं. पुढे हाच सुआरिश पेगूच्या संतप्त जमावाच्या हातून मेला. एका लग्नघरात त्याने केलेल्या अत्याचाराचा तो सूड होता असं पिंतू लिहितो. राजाच्या मेहेरबानीचा माज चढलेल्यांचं असं बऱ्याच ठिकाणी झालं.

बयिन्नाउंगने पुढे शान मुलूख, १५५८ मध्ये चियांग माय, १५६४ आणि १५६९ मध्ये अयुथ्या घेतलं. या मोहिमांत पोर्तुगीज होते, पण शेकड्यांत, आणि फौज होती दहा-दहा हजारांच्या तुकड्यांची. १५६९ मध्ये वेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची पेगूत होता. तो लिहितो की राजाचे बंदूकवाले उत्तम आहेत, कारण राजा त्यांच्याकडून रोज फळीवर नेमबाजी करून घेतो. हे पेगूचे आपले लोक. तीस वर्षांपूर्वी जे काम भाड्याच्या फिरंग्याकडून करून घ्यावं लागे ते आता स्थानिक शिपाई करत होते. म्हणून "पोर्तुगीजांनी ब्रह्मदेश एक केला" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. त्यांच्या असण्याने सुरुवातीचा वेग वाढला, एवढंच म्हणता येतं.

सगळ्यात जास्त कागद ज्याच्यावर आहेत तो फिलिप द ब्रितो ई निकोते. लिस्बनचा, बाप फ्रेंच, म्हणतात की जहाजावरचा पोऱ्या म्हणून इकडे आला. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकान राज्याच्या राजाच्या चाकरीत चढत गेला. १५९९ मध्ये आराकान आणि तौंगू यांनी मिळून पेगू लुटलं. बयिन्नाउंगच्या मुलाचं राज्य धुळीला मिळालं. त्या सुमारास आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी नदीकाठी माणसांच्या हाडांचे ढीग पाहिल्याचं लिहिलंय. या उजाड मुलखात आराकानच्या राजाने द ब्रितोला सिरियम बंदरात जकातीवर बसवलं. जकातघराचा किल्ला कधी झाला हे राजाला कळलंही नाही. द ब्रितो गोव्याला गेला तेव्हा मागे किल्ला लढवला तो साल्वादोर रिबेरो द सौझाने.

गोव्यात व्हाइसरॉय आयरिश द साल्दान्या याने द ब्रितोला डोक्यावर घेतलं. आपल्या घरातली मुलगी दोना लुइझा त्याला दिली, हुद्दा दिला, आणि सिरियम पोर्तुगालच्या राजाचं म्हणून जाहीर झालं. गोव्याला हे स्वस्तात मिळत होतं. पळून गेलेल्या एका चाकराने स्वखर्चाने बंदर जिंकायचं आणि जकातीचा वाटा पाठवायचा. द ब्रितोनेही काही वर्षं कमाल केली. आराकानचं आरमार हरवलं, त्याचा युवराज धरून त्याच्यासाठी खंडणी वसूल केली, मर्ताबानच्या सरदाराशी सोयरीक जोडली.

मग त्याच्या हातून ते झालं जे ब्रह्मदेश अजून विसरला नाही. रंगूनच्या श्वेदागोन स्तूपाच्या टेकडीवर राजा धम्मझेदीने पंधराव्या शतकात ओतवलेली अजस्र घंटा होती, परंपरेने वजन सुमारे ३०० टन सांगतात. द ब्रितोने १६०८ मध्ये ती तोफा ओतायला म्हणून काढली. हत्ती लावून नदीपर्यंत ओढली, तराफ्यावर चढवली, तराफा आपल्या जहाजाला बांधला. नद्यांच्या संगमाशी तराफा मोडला आणि घंटा जहाजासकट गाळात गेली. तिचा शोध आजवर अनेकांनी घेतला, हाती काही लागलं नाही. द ब्रितोने देवळांतल्या मूर्तीही सोनं-रत्नांसाठी फोडल्या. ज्या लोकांवर राज्य करायचं त्यांच्या देवाला हात लावला, तिथेच त्याचं भवितव्य ठरलं. गोव्यातली १५४० ची देवळांची पाडापाड ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते त्यांना मोन आणि ब्रह्मी लोकांचा संताप वेगळा समजावून सांगायला नको.

१६१२ मध्ये त्याने मर्ताबानच्या मदतीने तौंगू लुटलं आणि तिथला राजा नातशिन्नाउंग याला सिरियमला आणलं. हा नातशिन्नाउंग ब्रह्मी भाषेचा मोठा कवी, आजही शाळेत शिकवला जातो. तौंगूने उत्तर ब्रह्मदेशातल्या आव्याच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलेलं होतं, त्यामुळे आव्याचा तरुण राजा अनाउकफेलुन फौज घेऊन उतरला आणि १६१३ च्या सुरुवातीला त्याने सिरियमला वेढा घातला. पोर्तुगीज बखरींत या वेढ्याचा एक तपशील आहे. द ब्रितोकडे दारूच पुरेशी नव्हती. त्याने एका शिपायाला पैसे देऊन बंगालमध्ये दारू आणायला धाडलं, तो पैसे घेऊन पसार झाला. मैलापूरकडे मागितली, त्यांनी दिली नाही. गोव्याची कुमक पोचायच्या आत खेळ संपला. ज्याचं सगळं बळ तोफेत त्याच्या कोठारात दारू नाही, आणि मागायला जावं तर एकही शेजारी आपला नाही. स्वतःचं खेडं नाही, स्वतःचं शेत नाही, भात पिकवणारी रयत मूर्ती फोडल्यामुळे विरोधात. एप्रिलमध्ये किल्ला पडला. द ब्रितोला तटावर सुळी दिलं, जीव जायला दोन-तीन दिवस लागले असं लिहिलंय. नातशिन्नाउंगलाही ठार केलं.

कंबोडियातली हकिकत याच साच्यातली, म्हणून थोडक्यात. दिओगो वेलोझो हा पोर्तुगीज आणि ब्लास रुइझ हा स्पॅनिश, दोघे कंबोडियाचा राजा साथा याच्या विश्वासातले. १५९४ मध्ये सयामच्या नरेसुअनने राजधानी लोवेक घेतली. हे दोघे कैदेतून जहाजांवर ताबा मिळवून मनिलाला पोचले, १५९६ मध्ये स्पॅनिश मोहीम घेऊन परतले, गादी बळकावलेल्या राजाला मारलं आणि पुढच्या वर्षी साथाच्या मुलाला गादीवर बसवलं. बदल्यात दोघांना एकेक प्रांत मिळाला. १५९९ मध्ये नोम पेन्हला मलाय आणि चाम लोकांनी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना कापून काढलं.

आराकानबद्दल मात्र घाईने बोलता येत नाही. चट्टग्रामजवळच्या दियांगाचे फिरंगी आराकानच्या राजाचे चाकर होते आणि त्यांची मुख्य चाकरी म्हणजे खालच्या बंगालवर धाडी घालून माणसं पकडणं. मोगलांकडचा शिहाबुद्दीन तालिश लिहितो की पकडलेल्यांच्या तळहातांना भोकं पाडून त्यांतून वेताच्या कांबी ओवत, जहाजाच्या तळाशी एकावर एक कोंबत, आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे कच्चे तांदूळ वरून टाकत. उरलेले बंदरांत विकले जात. नदीकाठची गावंच्या गावं ओस पडली. फिरंगी शिपायांच्या शौर्यकथा लिहिणाऱ्यांनी हे पान गाळू नये. १६६५-६६ च्या थंडीत शाइस्ताखानाने, होय, पुण्याच्या लाल महालातून बोटं गमावून गेलेल्या त्याच खानाने, या फिरंग्यांना पैसे आणि जागा देऊ करून फोडलं. ते बायकामुलं आणि होड्यांसकट मोगलांकडे गेले आणि चट्टग्राम पडलं. ढाक्याजवळचा फिरंगी बाजार त्यांच्याच वस्तीचा.

आता टिकले ते. सिरियमच्या शेकडो कैद्यांना अनाउकफेलुनने मारलं नाही. त्यांना उत्तरेला चिंदविन आणि मू नद्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात नेऊन जमिनी दिल्या. बदल्यात राजाच्या तोफखान्यात पिढीजात चाकरी. धर्म त्यांचा त्यांच्याकडे ठेवला. तिकडे त्यांना 'बायिंजी' म्हणतात, आपलाच 'फिरंगी' शब्द ब्रह्मी तोंडात बसलेला. ब्रह्मी राजांच्या तोफखान्यात ते पुढची दोन-अडीच शतकं होते. मोन्हला, चांथायवा अशा गावांत त्यांचे वंशज आजही आहेत, भात आणि तीळ पिकवतात, ब्रह्मी बोलतात, रविवारी चर्चला जातात. द ब्रितोला जे मिळालं नाही ते त्याच्या साध्या शिपायांना मिळालं. जमीन मिळाली, बायको मिळाली, राजाची गरज आणि शेजाऱ्यांची सवय झाली.

व्हिएतनाममध्ये न्गुयेन सरदारांनी लढवय्याऐवजी कारागीर ठेवला. जुवांव द क्रूझ या मिश्रवंशी ओतकाराने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्युएला भट्टी घातली. त्याच्या तोफा गेल्या, पण तिथल्या राजवाड्यात असलेल्या त्या काळच्या काशाच्या मोठ्या कढया त्याच्या हातच्या मानल्या जातात. तोफा ओतण्याची ही विद्या गोव्याहूनही पूर्वेकडे गेली होती. मकावचा प्रसिद्ध ओतकार मानुएल तावारिश बोकारू गोव्याच्या ओतशाळेतल्या घराण्यातला.

सयामच्या फौजेत 'फरांग' नेमबाजांचं वेगळं खातंच होतं आणि त्यात चाकरी बापाकडून मुलाकडे जाई. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेने अयुथ्या जाळलं तेव्हा ही वस्तीही जळाली. वाचलेल्यांपैकी काही जण सयामचा पुढचा राजा तक्सिन याच्याबरोबर लढले. १७६९ मध्ये त्याने त्यांना नदीकाठी थोनबुरीला जागा दिली, तेच आजच्या बँकॉकचं कुडी चीन आणि तिथलं सांता क्रूझ चर्च. पुढे कंबोडियातून आलेले पोर्तुगीज वंशाचे लोक नदीच्या पलीकडे सामसेनला वसले. कुडी चीनच्या काही घरांत अंडी, साखर आणि मैदा फेटून केलेला छोटा केक अजून रोज भाजून विकतात, तो अयुथ्याच्या वस्तीतूनच आला असं ती घरं सांगतात.